डब्यास वेढणारी पाटी

एकत्र कुटुंबांत आजीबाईंचें एकच औषध दोघी सुनांच्या हातून दोनदां दिलें जाण्याचा संभव असतो, आणि तो धोका लहान नव्हे. औषधाच्या गोल डब्यास वेढून बसणारी, 'औषध दिलें' असें दाखविणारी पाटी घरींच करावी, असें एखाद्या हौशी मुलाच्या मनांत आल्यास त्यानें कोणता पडदा घ्यावा?

कांचेचा पडदा वाकत नाहीं. लवचीक ओएलईडी वाकतो; परंतु तो स्वयंप्रकाशी असल्यामुळें त्यास सतत वीज लागते. या कामीं प्लॅस्टिकवर केलेला ई-पेपर बरा. त्यांतील सूक्ष्म कुप्यांत विरुद्ध विद्युद्भाराचे काळे व पांढरे कण असतात. वीज लागते ती अक्षरें बदलतांना. पुढें मजकूर तसाच राहतो. २.१३ इंची, २१२ × १०४ बिंदूंचा असा पडदा सुट्या भागांच्या विक्रेत्यांकडे मिळतो.

मात्र तो किती वाकतो, हें आधीं विचारावें. एकदां बेतानें वळवून चिकटवावा. जोडपट्टीची कड कधींही वाकवूं नये.

शेवटीं एक सावधगिरी. बॅटरी संपली तरी कालचें 'दिलें' आजही दिसेल! म्हणून पाटीवर तारीख अवश्य असावी.