आधी तबकडी, मग यंत्र : जुना पट्ट्याचा रेकॉर्ड प्लेअर घ्यावा की न घ्यावा?



मागचं व्याख्यान संपल्यावर सिरोंच्यातले एक गृहस्थ आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "सर, प्रमाणांचं सगळं ऐकलं. आता एक साधा व्यवहाराचा प्रश्न विचारू का?" प्रश्न असा होता. त्यांचे वडील वनखात्यात कारकून होते. त्यांच्यामागे तबकड्यांची एक पेटी राहिली. मुलगा हैदराबादला असतो. त्याला तिथे एक जुना, पट्ट्यावर चालणारा टर्नटेबल सापडला, किंमत सोळा हजार. विकणारा म्हणतो, एकदम उत्तम स्थितीत. "घ्यावा का? आईच्या हयातीत तिला ती गाणी एकदा ऐकवायची आहेत." आई ८८ वर्षांच्या आहेत. म्हणजे प्रश्न साधा नव्हता. आजचं व्याख्यान त्याच प्रश्नावर आहे.

आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि आधी यंत्राचा फोटो न बघता पेटी उघडली. आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा तेवढाच आहे : आधी तबकड्या बघा, मग यंत्राकडे वळा. पेटीत २३ तबकड्या निघाल्या. आपल्या सीमेवरच्या घरात असतं तसंच. घंटसाला आणि सुधीर फडके शेजारी शेजारी. पण खरी गोष्ट वेगळी होती. २३ पैकी १४ तबकड्या ७८ फेऱ्यांच्या होत्या, आणि नऊच एलपी.

हा फरक नीट समजून घेऊ. ७८ची तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्या घेते आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजते. ती शेलॅकची, म्हणजे लाखेची. पळस, कुसुम, बोर या झाडांवर जो लाखेचा किडा वाढतो, त्याचीच ही देणगी. आपल्या जंगलात ही झाडं काही परकी नाहीत. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी आणली. ती व्हायनिलची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटांची. भारतात मात्र १९६०च्या दशकातही ७८च्या तबकड्या निघत होत्या. म्हणून आपल्याकडच्या जुन्या पेट्या बहुधा अशा मिश्र असतात.

आता अडचण बघा. ७८ची खाच रुंद असते आणि एलपीची बारीक. एलपीच्या सुईचं टोक ७८च्या खाचेत टेकलं की ते तळाशी घसरत राहतं. गाणं कमी आणि खरखर जास्त. उलट ७८ची जाड सुई एलपीवर ठेवली तर एलपी संपलीच. म्हणून दोन्ही वाजवायच्या तर सुया दोन हव्यात आणि यंत्राला ७८चा वेगही हवा. पट्ट्याच्या कितीतरी नामांकित यंत्रांना ३३ आणि ४५ एवढेच वेग असतात. हैदराबादच्या यंत्रालाही दोनच होते. म्हणजे सोळा हजार देऊनही चौदा तबकड्या मुक्याच राहणार होत्या.

इथे आम्हाला केसरबाई केरकर आठवतात. गोव्याच्या केरी गावच्या या गायिकेची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत अवकाशात गेली. ती तबकडी १६⅔ फेऱ्यांची आहे. पाठवणाऱ्यांनी तिच्यासोबत कार्ट्रिज आणि सुईही ठेवली, आणि तबकडी कोणत्या वेगाने फिरवायची ते वेष्टनावर चित्रांनी कोरलं. कारण सुई आणि वेग बरोबर नसेल तर तबकडी म्हणजे नुसती चकती. परग्रहावरच्यांसाठी जी काळजी घेतली, ती आपण आईसाठी घ्यायला नको का?

समजा, तुमच्या पेटीत एलपीच आहेत. मग यंत्र तपासायचं कसं? न्यायशास्त्र ज्ञानाची चार साधनं सांगतं : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. विकणारा म्हणतो "उत्तम स्थिती", हे शब्दप्रमाण झालं. पण शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे जाणकार आणि निःस्वार्थ माणसाचा. विकणारा खोटारडा असतो असं आम्ही म्हणत नाही. पण या सौद्यात तो निःस्वार्थ नाही एवढं नक्की. म्हणून प्रत्यक्षाकडे जाऊ.

पट्ट्याच्या यंत्राची रचना सोपी आहे. मोटर बाजूला असते. तिच्या टोकाला छोटी पुली, पुलीवरून रबरी पट्टा, आणि पट्टा जड ताटलीला फिरवतो. मोटरची थरथर रबरात मुरते, सुईपर्यंत पोचत नाही. ताटली जड असल्याने वेग एकसारखा राहतो. एवढंच या रचनेचं रहस्य. १९६०च्या दशकात ए. आर. आणि थोरेन्स या कंपन्यांनी अशी यंत्रं घरोघर पोचवली.

पहिली परीक्षा वेगाची. ताटलीच्या काठावर कागदाची चिंधी चिकटवा, घड्याळ लावा, तीन मिनिटांत किती फेऱ्या होतात ते मोजा. ३३⅓ च्या वेगाला बरोबर १०० व्हायला हव्यात. ९७, मग ९४, अशा बदलत्या आल्या तर बहुधा पट्टा सैल आहे. तो बदलता येतो. पण प्रत्येक वेळी ८३च आल्या तर थांबा. ते यंत्र अमेरिकेतून आलेलं असणार. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. जुन्या यंत्रांतली बरीचशी एसी मोटर विजेच्या हर्ट्झप्रमाणे फिरते, म्हणून वेग पाच-षष्ठांश होतो. काळी चारचा गायक पांढरी चारच्याही थोडा खाली गाऊ लागतो! ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावल्याने मोटर जळायची वाचते, पण हर्ट्झ बदलत नाहीत. त्यासाठी ५० हर्ट्झची पुलीच मिळवावी लागते.

दुसरी परीक्षा धुरेची. वीज बंद करून पट्टा काढा आणि ताटली हाताने हलकेच फिरवा. ती बराच वेळ, आवाज न करता फिरली पाहिजे. काठाला धरून हलवल्यावर डगडगली तर धुरा झिजली आहे. तिसरी परीक्षा टोनआर्मची, म्हणजे सुईच्या दांडीची. मागचं वजन जागेवर आहे का, आणि दांडी कुठेही न अडखळता आडवी-उभी हलते का, ते बघा.

मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजाला नाही म्हणावं लागतं, आणि कळतं की रथ हे या सगळ्या जुळणीला दिलेलं नाव आहे. तत्त्वज्ञान म्हणून हे आम्हाला मान्य आहे. गिऱ्हाईक म्हणून मात्र एक भर घालतो : सगळे भाग सारखे नसतात. पट्टा, सुई, तारा हे झिजण्यासाठीच असतात. ते गेले असतील तर किंमत कमी करून घ्या आणि नवे बसवा. धुरा, दांडी आणि मोटर गेली असेल तर यंत्र कितीही चकचकीत असो, नमस्कार करून परत या.

आणि सोळा हजार ही पूर्ण किंमत नव्हे. पट्टा शेकड्यांत येतो, पण चांगली सुई हजारांत. सुईतून येणारा विद्युतसंकेत काही मिलिव्होल्टचा, म्हणून फोनो प्रीअँप्लिफायर लागतो. तो नसेल तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो. वर अँप्लिफायर आणि स्पीकर. शिवाय सिरोंच्यात बिघडलं तर दुरुस्तीला न्यायचं कुठे? नदीपलीकडे मंचेरियल, नाहीतर इकडे चंद्रपूर. तो प्रवासही किमतीतच धरा.

सुईच्या बाबतीत आमची एक कबुली. नागपूरला वसतिगृहात असताना मित्राची एलपी आम्ही झिजलेल्या सुईवर महिनाभर वाजवली. पैसे वाचवत होतो. महिन्याने नवी सुई आणली, पण खरखर गेली नाही. कारण ती आता सुईत नव्हती, तबकडीत होती. खाच एकदा खरवडली की कोणतंही यंत्र ती भरून देत नाही. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास टिकते. जुन्या यंत्रासोबत आलेली सुई किती तास चालली, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून ती वापरायचीच नाही.

मग त्या गृहस्थांना आम्ही काय सांगितलं? हे यंत्र घेऊ नका. ७८ची योग्य सुई आणि वेग ज्याच्याकडे आहे अशा माणसाकडून त्या चौदा तबकड्या एकदा नीट वाजवून ध्वनिमुद्रित करून घ्या. आई त्या मोबाइलवरही ऐकतील. आईचं वय बघता हे काम आधी. नऊ एलपींसाठी यंत्र हवंच असेल तर सावकाश, तपासून घ्या. आणि पुढेही एलपी जमवणार असाल तरच तो खर्च सार्थ आहे.

प्रश्न : सर, जुन्या यंत्राचा आवाज खरंच वेगळा असतो का?

उत्तर : चांगल्या यंत्राचा चांगला असतो, वाईटाचा वाईट. जुनेपणा हा गुण नव्हे, ते नुसतं वय आहे. आमचंच उदाहरण घ्या.

प्रश्न : तोपर्यंत पेटीचं काय करायचं?

उत्तर : त्यांच्या घरी तबकड्या एकावर एक आडव्या रचल्या होत्या, आणि पेटी पत्र्याच्या छपराखाली. आपल्याकडच्या मे महिन्यात व्हायनिल वाकतं आणि वजनाखाली लाख तडकते. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून सगळ्या तबकड्या उभ्या लावल्या आणि पेटी आतल्या थंड खोलीत नेली. आई दारातून बघत होत्या. या कामाला एक पैसाही लागला नाही, आणि ते तुम्हीही आज घरी गेल्यावर करू शकता.