वादळ आणि मतदानाची तिथी

२०१२ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २९ तारखेस, सायंकाळी आठच्या सुमारास, सँडी नावाचे प्रचंड वादळ अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या किनाऱ्यावर अटलांटिक सिटी शहरानजीक येऊन आदळले, तेव्हा त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीस अवघे आठ दिवस उरले होते. न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोकाशी समुद्राचे पाणी सुमारे चौदा फूट चढले, भुयारी रेल्वेचे बोगदे तुडुंब भरले, आणि ज्या न्यू जर्सीत आपल्याकडची कितीतरी मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत, त्या राज्यातील लक्षावधी घरे कित्येक दिवस अंधारात राहिली. मतदानकेंद्रे ज्या शाळांतून भरावयाची, त्या शाळांतच निराश्रितांनी आसरा घेतलेला. मग ज्याचे घर वाहून गेले त्याने मत द्यावे कोठे, आणि मतदान चार दिवस पुढे नेता येईल काय, हे दोन प्रश्न तेथील प्रत्येक कचेरीत उभे राहिले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तत्काळ मिळण्यासारखे होते. मतदानाची तिथी बदलण्याचा अखत्यार खुद्द राष्ट्राध्यक्षासही नाही. १८४५ साली तेथील काँग्रेसने कायदा करून नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारानंतर येणारा मंगळवार हा दिवस साऱ्या देशासाठी मुक्रर केला. त्या काळी बहुसंख्य मतदार शेतकरी होते. सुगी आटोपलेली असावी, रविवारची उपासना चुकू नये, सोमवारी घोडागाडीने तालुक्याच्या ठिकाणी येता यावे आणि बुधवारच्या बाजाराला परत पोहोचता यावे, असा त्या निवडीचा अर्थ लावतात. घोडागाड्या गेल्या, तिथी मात्र राहिली. शिवाय नव्या राष्ट्राध्यक्षाची मुदत २० जानेवारीच्या दुपारी बारा वाजता सुरू व्हावी, हे त्यांच्या राज्यघटनेतच नमूद असल्यामुळे, मागचे मतदान वाटेल तितके लांबवावे म्हटले तरी पुढची भिंत हलत नाही.

आपल्याकडे हा मामला पुष्कळ सरळ आहे. १९५१ सालच्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ५७ व्या कलमाने नैसर्गिक आपत्ती कोसळल्यास मतदान तहकूब करण्याची मुभा खुद्द केंद्राध्यक्षाला दिलेली आहे, आणि पुढची तारीख निवडणूक आयोगाच्या मंजुरीने ठरते. अमेरिकेत असा एकछत्री आयोग नाही. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक म्हणजे वस्तुतः पन्नास राज्ये आणि राजधानीचा प्रदेश यांनी एकाच दिवशी, आपापल्या नियमांनी घेतलेल्या एकावन्न निवडणुका होत. मतदार राष्ट्राध्यक्ष निवडत नाही, तो आपल्या राज्याचे निर्वाचक निवडतो. असे निर्वाचक एकूण ५३८, आणि विजयास त्यांपैकी २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वगळली, तर ज्याला राज्यात सर्वाधिक मते पडली त्याच्याच पदरात तेथील सगळे निर्वाचक जातात.

वादळाचा परिणाम वाऱ्याच्या वेगापेक्षा या नियमावर अधिक अवलंबून असतो, असे मी म्हणतो ते याच कारणाने. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी ही दोन्ही राज्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडे इतकी झुकलेली होती, की सँडीने तेथील लाखो माणसे घरी बसवली असती तरी त्या पक्षाचे उमेदवार, राष्ट्राध्यक्ष ओबामा, यांच्या एकूण मतसंख्येस कात्री लागली असती, परंतु एकही निर्वाचक इकडचा तिकडे झाला नसता. आता २००० साल आठवावे. फ्लॉरिडा राज्याचे २५ निर्वाचक, आणि त्यांच्यासह राष्ट्राध्यक्षपद, धाकट्या बुश यांना मिळाले ते केवळ ५३७ मतांच्या आधिक्याने. एखाद्या खेड्याचा पूल वाहून गेला तरी इतकी मते बुडतात. आणि फ्लॉरिडा हे तर वादळांचे माहेरघर!

पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे निराश्रिताने मत द्यावे कोठे याचे उत्तर, राज्यांना त्या आठ दिवसांत धावपळीने शोधावे लागले. मेरीलँडने बंद पडलेल्या आगाऊ मतदानाची मुदत वाढवून दिली. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी मतदानाच्या आदल्या दिवशी हुकूम काढून, विस्थापित मतदाराला प्रतिज्ञापत्रावर राज्यातील कोणत्याही केंद्रात मत देण्याची सवलत दिली, आणि काही किनारी वस्त्यांत तंबू ठोकून, जनित्रांच्या उजेडात केंद्रे चालवण्यात आली. न्यू जर्सीने तर विस्थापितांना परदेशस्थ मतदारांच्या पंक्तीस बसवून ईमेलने व फॅक्सने मत पाठवण्यास परवानगी दिली. हेतू थोर होता यात शंका नाही. परंतु अर्जांचा लोंढा दफ्तरांना आवरेना, म्हणून मुदत ९ नोव्हेंबरपर्यंत वाढवणे भाग पडले, आणि जे मत कारकुनाच्या डोळ्यांखालून जाते ते गुप्त राहिले असे कोणी म्हणावे? आधी लिहिलेला नियम संकटात आधार देतो. संकटाच्या मध्यावर लिहिलेला नियम प्रामाणिक असूनही संशयास पात्र होतो.

त्या दिवसांत ओबामांनी प्रचार थांबवला, आणि ३१ ऑक्टोबरला, प्रतिपक्षाच्या अधिवेशनात दोनच महिन्यांपूर्वी प्रमुख भाषण करणारे न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांच्यासमवेत, त्यांनी उद्ध्वस्त किनाऱ्याची पाहणी केली. वादळाने रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार रॉमनी यांचा घास हिरावला असे पुढे अनेकांनी म्हटले, पण मला ते पटत नाही: ३३२ विरुद्ध २०६ निर्वाचक आणि सुमारे पन्नास लाख मतांचे आधिक्य हे एका पाहणीदौऱ्याचे फळ नव्हे. तरीही संकटात धावून येणाऱ्याला लोक विसरत नाहीत हे खरेच. १९२७ च्या मिसिसिपी नदीच्या महापुरात मदतकार्य सांभाळणारे व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या अभ्यासकांनी २००९ साली जे दाखवून दिले ते मात्र मन अस्वस्थ करणारे आहे: मतदार आपत्तीनंतर वाटलेल्या मदतीची परतफेड मतांनी करतो, परंतु आपत्ती टळावी म्हणून आधी केलेल्या खर्चाची नाही. बांध बांधणाऱ्यापेक्षा बांध फुटल्यावर धान्य वाटणारा निवडून यावा, याहून मोठे दुर्दैव लोकशाहीत कोणते?

मतदानाच्या तिथीच्या कायद्यात एक जुनी फट होती. ठरलेल्या दिवशी राज्याला निवड करता आली नाही, तर त्याच्या विधिमंडळाने सांगितलेल्या रीतीने निर्वाचक नंतर नेमावेत, असे त्यातील एक कलम म्हणत असे. पण निवड ‘करता आली नाही’ हे ठरवावे कोणी, यावर ते मौन पाळी. वादळाचे निमित्त करून विधिमंडळाने स्वतःच्या मर्जीचे निर्वाचक नेमले असते तर त्याला अडवणे कठीण होते. २०२२ च्या दुरुस्तीने ही फट बुजवली. आता असाधारण व विनाशकारी आपत्तीत मतदानाचा अवधी वाढवता येतो, मात्र तशी तजवीज राज्याने मतदानदिनापूर्वी केलेल्या कायद्यात असावी लागते.

पूर्वतयारीचे मोल २०२४ साली दिसले. सप्टेंबरअखेर हेलीन वादळाच्या पावसाने नॉर्थ कॅरोलायनाचा पश्चिम डोंगराळ भाग उद्ध्वस्त केला. १६ निर्वाचकांचे हे राज्य चुरशीचे होते. तेथील निवडणूक मंडळाने, दोन्ही पक्षांचे सभासद असूनही, एकमताने केंद्रे हलवण्याची आणि टपाली मतपत्रिका परजिल्ह्यात देण्याची सोय केली, विधिमंडळाने त्या सवलती पंचवीस जिल्ह्यांना लागू केल्या, आणि आगाऊ मतदान ठरल्याप्रमाणे १७ ऑक्टोबरलाच सुरू झाले.

ज्या राज्यांच्या कायद्यात आपत्तीतील मतदानाची तजवीज अद्याप नसेल, त्यांनी ती आता, आभाळ निरभ्र असताना करावी. अटलांटिकमधील वादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. राष्ट्राध्यक्षाची पुढची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ रोजी आहे.