दाबलेल्या हवेचा ताप आणि त्यावरचा उतारा

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला चटका देते, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी घेतला असेल. हवा दाबली की ती तापते. शाळेच्या पुस्तकातला हा साधा नियम अमेरिकेतल्या मोटारशौकिनांना मात्र दर उन्हाळ्यात घाम फोडतो, कारण त्यांच्या गाडीच्या बॉनेटखाली असाच एक मोठा पंप इंजिनाबरोबर सतत फिरत असतो. त्याचे नाव सुपरचार्जर.

सुपरचार्जरचे काम इंजिनात जास्तीची हवा कोंबणे. हवा जास्त, म्हणजे जाळता येणारे इंधन जास्त आणि ताकदही जास्त. यातला एक जुना प्रकार ‘रूट्स’ नावाने ओळखला जातो. इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल गावच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यावरून हे नाव पडले. पुढे हीच कल्पना मोटारीत आली.

उदाहरणासाठी फोर्डची मस्टँग एसव्हीटी कोब्रा घेऊ. २००३ आणि २००४ या दोन वर्षांच्या मॉडेलमध्ये ४.६ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन आणि ईटन कंपनीचा रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर होता. हवेवरचा जादा दाब दर चौरस इंचाला सुमारे ८ पौंड, ताकद ३९० अश्वशक्ती. आज या गाड्यांनी विशी ओलांडली आहे, तरी हौशी मंडळी त्या जिवापाड सांभाळतात. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांपैकी कुणाला अशा जुन्या मस्टँगचे वेड लागले, तर घरात ‘हीट एक्स्चेंजर बदलायचाय’ हे वाक्य केव्हा ना केव्हा ऐकू येणारच! हा खर्च खरोखर गरजेचा आहे का आणि असल्यास वस्तू कशी पारखावी, ते पाहू.

ताप किती आणि कशाने?

बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान असताना हवेवर ८ पौंडांचा जादा दाब दिला, तर अगदी आदर्श यंत्रातही ती ७० अंशांपर्यंत तापते. रूट्सचा सुपरचार्जर आदर्शापासून बराच दूर असतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा शंभराच्या जवळ जातो. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे जी ताकद मिळवायला एवढा खटाटोप केला तिच्यातलाच काही भाग हातचा जातो. त्याहून गंभीर धोका ‘नॉकिंग’चा. ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आघात होतो. असे वारंवार झाले तर पिस्टन फुटू शकतो. हे टाळण्यासाठी गाडीतला संगणक ठिणगीची वेळ मागे ओढतो. इंजिन वाचते, पण गाडी मरगळते.

म्हणून या गाडीत हवा थंड करण्याची वेगळी सोय असते. सुपरचार्जरमधून निघालेली हवा इंटरकूलर नावाच्या जाळीतून जाते. जाळीच्या नळ्यांतून कूलंट मिसळलेले पाणी वाहते आणि हवेतली उष्णता उचलते. विजेवर चालणारा छोटा पंप हे पाणी गाडीच्या पुढच्या भागात बसवलेल्या दुसऱ्या जाळीकडे नेतो. तिथे समोरून येणारा वारा पाण्याला थंड करतो आणि पाणी पुन्हा फेरीला निघते. ही पुढची जाळी म्हणजे हीट एक्स्चेंजर. इंजिनाच्या नेहमीच्या रेडिएटरशी या पाण्याचा संबंध नसतो.

या चक्रावर बोजा केवढा पडतो? सुमारे चारशे अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात चालू असताना हवा शंभर अंशांवरून पन्नाशीपर्यंत खाली आणायची, तर साधारण १४ किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. आपल्या न्हाणीघरातला गिझर २ किलोवॉटचा धरला, तर एकाच वेळी चालू असलेले सात गिझर झाले! अर्थात हे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाच. ऑफिसला जाण्या-येण्यात सुपरचार्जरला फारसे कामच नसते. ज्याची गाडी मूळ अवस्थेत आहे आणि फक्त रस्त्यावरच धावते, त्याला कंपनीने दिलेला हीट एक्स्चेंजर सहसा पुरतो.

प्रश्न उभा राहतो तो पुढच्या पायरीवर. सुपरचार्जरची पुली लहान केली की तो जास्त वेगाने फिरतो. दाब ८ वरून १२ पौंडांवर नेला, तर हवेचे तापमान सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. मग मूळ जाळी अपुरी पडू लागते आणि शौकीन दुकानांच्या जाहिराती चाळायला बसतो.

आधी थर्मामीटर, मग पाकीट

‘सर्वांत मोठा हीट एक्स्चेंजर द्या’ असे म्हणणे म्हणजे रोग्याला न तपासता सर्वांत कडक औषध मागण्यासारखे आहे. दोष कुठे आहे ते आधी शोधावे. त्यासाठी तीन तापमाने पुरतात : इंजिनात शिरणाऱ्या हवेचे, हीट एक्स्चेंजरमध्ये जाणाऱ्या पाण्याचे आणि तिथून निघणाऱ्या पाण्याचे. मोजमाप मात्र गाडी वेगात असताना, शक्यतो बंदिस्त ट्रॅकवर आणि शेजारी आकडे टिपणारा सोबती घेऊन करावे.

आत जाणारे व बाहेर येणारे, दोन्ही पाणी बाहेरच्या हवेपेक्षा खूप गरम आहे आणि दोन्हींत फरक थोडाच आहे, असे दिसले तर हीट एक्स्चेंजरच कमी पडतो आहे. बाहेर येणारे पाणी चांगले थंड आहे, पण आत जाणारे फारच गरम आहे, तर पाणी मंद वाहते आहे. दोष पंपाचा किंवा अडलेल्या वाटेचा. पाणी दोन्हीकडे थंडच आहे आणि हवा तेवढी गरम, तर इंटरकूलर उष्णता उचलत नाही. पहिल्या स्थितीतच नव्या हीट एक्स्चेंजरवर पैसे घालण्यात अर्थ आहे.

पंपाचे महत्त्व आकड्यांतून पटते. मिनिटाला २० लिटर पाणी फिरत असेल, तर ती १४ किलोवॉट उष्णता पाण्याला एका फेरीत १० अंशांनी तापवते. प्रवाह निम्मा झाला की तेच पाणी २० अंशांनी तापते. पंपाच्या खोक्यावर छापलेला प्रवाह बहुधा मोकळ्या नळीचा असतो. जाळ्या आणि वळणे यांच्या अडथळ्यात तो बराच घटतो. म्हणून अडथळ्यासह किती प्रवाह मिळतो, हे विक्रेत्याला विचारावे.

जाळी कशी पारखावी?

पहिली गोष्ट रुंदी-उंचीची. वाऱ्याला समोरून मिळणारे क्षेत्रफळ जेवढे जास्त, तेवढे चांगले. जाडी वाढवण्याचा फायदा मात्र लवकर आटतो. जाळीच्या मागच्या थराला पुढच्या थराने तापवलेली हवाच मिळते. शिवाय तिच्या मागे एअर कंडिशनरचा कंडेन्सर आणि इंजिनाचा रेडिएटर असतो. फार जाड जाळी त्यांचा वारा अडवते. मग सुपरचार्जर थंड, पण इंजिन गरम, अशी गत व्हायची.

दुसरी गोष्ट पाण्याच्या वाटेची. काही जाळ्यांत पाणी एका बाजूने शिरून दुसरीकडून निघते, काहींत ते जाऊन परत येते. परतीच्या वाटेत पाणी नळ्यांतून अधिक वेगाने वाहते आणि उष्णता चांगली सोडते, पण अडथळाही वाढतो. पंप दुबळा असेल, तर हा फायदा उरत नाही.

तिसरी गोष्ट बसवणीची. मूळ जागी, रबरी बुशांवर, पत्रा न कापता बसणारी जाळी घ्यावी. कडेने फटी राहिल्या, तर वारा जाळीतून न जाता बाजूने निसटतो. त्या फटी फोमने बुजवल्या तर थोडक्या खर्चात बराच फरक पडतो. ‘तापमान २० अंशांनी उतरते’ असा दावा कुणी केला, तर बाहेरचे तापमान, गाडीचा वेग आणि दाब किती होता, हे जरूर विचारावे.

पाणी, बर्फ आणि अडकलेली हवा

निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. पण किलोमागे उष्णता उचलण्याची त्याची क्षमता शुद्ध पाण्यापेक्षा सुमारे एक षष्ठांशाने कमी असते. मिशिगनच्या हिवाळ्यात ते हवेच. उबदार प्रदेशात ग्लायकॉल कमी करून गंज रोखणारे द्रव्य घातले तरी चालते. नवा भाग बसवल्यावर चक्रात अडकलेली हवा पूर्ण काढली पाहिजे. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की पाणी चढत नाही, तसेच इथेही होते, आणि दोष फुकट नव्या जाळीला लागतो.

गाडी कशासाठी वापरायची, यावरही निवड ठरते. पाव मैलाची सरळ शर्यत बारा-तेरा सेकंदांत आटोपते. तेवढ्या वेळात चक्रातले ५ लिटर पाणी जाळीच्या मदतीशिवायही ८-९ अंशच तापेल. अर्धा किलो बर्फ ही सगळी उष्णता गिळू शकतो. म्हणून सरळ शर्यतवाले पाण्याची मोठी टाकी आणि बर्फ पसंत करतात. वळणांच्या ट्रॅकवर वीस मिनिटे धावणाऱ्याला बर्फ पुरत नाही; त्याला मोठीच जाळी हवी. गर्दीत खोळंबणाऱ्या गाडीला वाराच मिळत नाही, तिथे जाळीमागचा पंखा उपयोगी.

या तापाने मोठ्या कंपन्यांनाही सोडलेले नाही. शेवरोलेने २०१७ च्या कॉर्व्हेट झेड-०६ मॉडेलला बॉनेटवर अधिक मोठी झरोके-जाळी दिली. डॉजने २०१८ च्या चॅलेंजर डीमनमध्ये एअर कंडिशनरची थंडाईच सुपरचार्जरच्या पाण्याकडे वळवली.

घरच्या शौकिनाने मात्र खर्चाचा क्रम उलटा लावावा. आधी अडकलेली हवा काढा, फटी बुजवा, पंप तपासा, तापमाने लिहून ठेवा. त्यानंतरही पाणी गरमच राहिले, तर नवी जाळी खुशाल आणा. बसवल्यावर तेच तीन आकडे पुन्हा मोजा. पैसे कामी लागले की नाही, ते त्यांवरून कळेल.