दोन एकर जमीन आणि एक पदक

हरियाणातील झज्जर जिल्ह्यात पलडा नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावातील शेतकरी कुटुंबात २१ नोव्हेंबर १९२० रोजी उमराव सिंह यांचा जन्म झाला. गावच्या शाळेत शिक्षण आणि घरच्या शेतात काम, एवढेच त्यांचे बालपण. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि हा तरुण सैन्यात भरती झाला. त्या युद्धात सुमारे २५ लाख भारतीयांनी लष्करी सेवा केली. त्यांतील फार मोठा वर्ग असा शेतावरून थेट छावणीत आलेला होता.

उमराव सिंह तोफखान्यात हवालदार झाले. डिसेंबर १९४४ मध्ये त्यांची माउंटन बॅटरी ब्रह्मदेशातील कलादान खोऱ्यात, पश्चिम आफ्रिकी सैन्याच्या एका डिव्हिजनच्या साहाय्यासाठी लढत होती. १५ आणि १६ डिसेंबरच्या दरम्यान जपानी तोफांनी त्यांच्या ठाण्यावर सुमारे दीड तास मारा केला आणि त्यापाठोपाठ पायदळाच्या किमान दोन कंपन्या चालून आल्या. हातबॉम्बने जखमी झालेले असतानाही उमराव सिंह यांनी ब्रेनगन चालवून पहिला हल्ला परतवला. दुसऱ्या हल्ल्यानंतर तोफेजवळ ते आणि दोन साथीदार एवढेच उरले. तिसऱ्या हल्ल्यात गोळ्या संपल्या, तेव्हा त्यांनी तोफेच्या सरंजामातील वजनदार लोखंडी दांडा उचलला आणि ते शत्रूवर तुटून पडले. सहा तासांनी प्रतिहल्ला झाला, तेव्हा ते तोफेशेजारी बेशुद्धावस्थेत सापडले. चेहरा ओळखू येत नव्हता, पण हातातील दांडा सुटलेला नव्हता. तोफही शाबूत होती. त्याच दिवशी ती पुन्हा धडाडली.

१५ ऑक्टोबर १९४५ रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात सहाव्या जॉर्ज राजांच्या हस्ते त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस प्रदान करण्यात आला. याच महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे (मरणोत्तर) आणि शिपाई नामदेव जाधव यांनीही हा सन्मान मिळवला, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.

शौर्याची कथा बहुधा इथेच संपवली जाते. परंतु उमराव सिंह यांच्यापुढे अजून ६० वर्षांचे आयुष्य होते. स्वातंत्र्यानंतर त्यांनी भारतीय सैन्यात सेवा केली, मानद कॅप्टनचा हुद्दा मिळवला आणि ते आपल्या गावी परतले. तेथे सुमारे दोन एकर जमीन, पत्नी, मुले आणि शेतीची रोजची विवंचना होती. त्या मिळकतीत संसार चालवणे सोपे नव्हते. व्हिक्टोरिया क्रॉस विकत घेणारे श्रीमंत संग्राहक जगात पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून उमराव सिंह यांना मोठमोठ्या रकमांचे प्रस्ताव आले. परंतु पदक विकणे म्हणजे लढाईत पडलेल्या सोबत्यांच्या सन्मानाला डाग लावणे होय, या भावनेने त्यांनी ते सारे नाकारले.

एवढे वाचून कोणाला वाटेल, की पैशाकडे पाठ फिरवणारा हा विरक्त पुरुष होता. तसे मात्र नव्हते. १९९५ साली युद्धसमाप्तीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ते लंडनला गेले. तेथे मान्यवरांच्या मंडपात त्यांना प्रवेश नाकारला जाणार होता. एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने छातीवरील पदक ओळखले म्हणून ते आत जाऊ शकले. या भेटीत पंतप्रधान जॉन मेजर यांच्यापुढे त्यांनी पदकधारकांच्या तुटपुंज्या मानधनाचा प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडला.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने या मानधनाचा हिशेब अवश्य पाहावा. व्हिक्टोरिया क्रॉसचे वार्षिक मानधन १९५९ साली १०० पौंड करण्यात आले आणि १९९५ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षे, तो आकडा तसाच राहिला. या काळात ब्रिटनमधील किमती सुमारे बारा पटींनी वाढल्या. कागदावर रक्कम कायम होती, तिची क्रयशक्ती मात्र बारा हिश्शांतील जेमतेम एका हिश्शावर आली होती. १९९५ साली हे मानधन १३०० पौंड झाले, आणि तेही सर्व धारकांसाठी. तेरा पटींची ही वाढ ऐकताना डोळे दिपतात. प्रत्यक्षात महागाईने जे हिरावून नेले होते, तेच बहुतांशी परत मिळाले. उमराव सिंह यांनी कोणाची मेहेरबानी मागितली नव्हती. जे देय होते ते मागितले होते.

पदकाची किंमत होऊ शकत नाही, म्हणून त्यांनी ते विकले नाही. मानधन हा हक्क होता, म्हणून तो मागण्यात त्यांना संकोच वाटला नाही. स्वाभिमान आणि हक्काची मागणी यांत विरोध नाही, हे त्यांनी जगून दाखवले. आमच्या शाखांत नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला घेऊन येणाऱ्या ज्येष्ठांमध्ये अनेकदा याच्या उलट चित्र दिसते. महागाई भत्ता जमा झाला नाही, तरी काही जण विचारत नाहीत. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पत्नीचे नाव नोंदले आहे की नाही, याची चौकशी करणेही काहींना ओशाळवाणे वाटते. निवृत्तिवेतनाचे खाते पती-पत्नीच्या संयुक्त नावाने ठेवता येते, ही माहितीसुद्धा पुष्कळांना नसते. ग्राहकांनी हे निःसंकोच विचारावे, आणि विचारण्यापूर्वीच सांगणे हे आम्हा कर्मचाऱ्यांनी आपले कर्तव्य मानावे.

२१ नोव्हेंबर २००५ रोजी, आपल्या ८५व्या वाढदिवशीच, उमराव सिंह यांनी नवी दिल्लीतील लष्करी रुग्णालयात अखेरचा श्वास घेतला. दुसऱ्या महायुद्धातील व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या भारतीय वीरांपैकी ते शेवटचे हयात वीर होते. ज्या पलडा गावच्या मातीत ते वाढले, तेथेच त्यांच्यावर लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. पदक अखेरपर्यंत विकले गेले नाही.