सहजप्रवृत्ती आणि अंतःप्रेरणा



‘मनात पाल चुकचुकली’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या आत नेमके कोण बोलत असते, याचा विचार मी आज मांडणार आहे. ‘आतला आवाज’ या एकाच नावाखाली आपण दोन भिन्न गोष्टी घालतो. पहिली सहजप्रवृत्ती. ती जन्मजात असते. नवजात अर्भकाला दूध ओढायला आणि कोळ्याला जाळे विणायला कोणी शिकवीत नाही. दुसरी अंतःप्रेरणा. ती अनुभवाने कमवावी लागते. मात्र ती इतक्या त्वरेने प्रकट होते की उपजतच वाटावी.

आपल्या सुरतेतील हिऱ्याचा कारागीर पाहा. तो खडा फिरत्या चकतीवर टेकवतो, उचलून भिंगातून पाहतो, पुन्हा टेकवतो. प्रत्येक वेळी चूक की बरोबर, हे खडाच त्याला सांगतो. अशा असंख्य उत्तरांतून त्याची नजर घडते. नोबेल पारितोषिकविजेते हर्बर्ट सायमन यांनी अंतःप्रेरणेला ‘ओळख पटणे’ मानले, ते याच अर्थाने.

याउलट सप्टेंबर १९९४ आठवा. प्लेगची वार्ता पसरताच लाखो माणसे शहर सोडून गेली. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही; संकटापासून पळणे ही प्राणिमात्राची सहजप्रवृत्ती आहे. परंतु वाघापुढे तारणारी ही प्रवृत्ती श्वासावाटे पसरणाऱ्या रोगापुढे घातक ठरू शकते. कारण पळणारा बाधित असेल, तर रोगही त्याच्यासोबत प्रवास करतो. वेळीच दिलेल्या टेट्रासायक्लिनसारख्या औषधाने प्लेग बरा होतो, हे ज्ञान उपजत नसते. ते शिकावे लागते.

कमावलेली अंतःप्रेरणाही सदासर्वकाळ खरी ठरत नाही. १९६८चा पूर पाहिलेल्यांना तापीची चाल परिचित होती. पुढे १९७२ साली उकाई धरण पूर्ण झाले आणि नदीची रीत बदलली. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडाला. जुन्या नदीवर बेतलेला अंदाज नव्या नदीला कसा लागू पडावा?

म्हणून आतला आवाज ऐकावा. पण त्याला तीन प्रश्न विचारावेत. हा प्रसंग मी पूर्वी अनेकदा पाहिला आहे काय? तेव्हा माझी चूक मला लगेच कळत होती काय? आणि परिस्थिती आजही तीच आहे काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर निःशंक त्या आवाजाचे ऐकावे. एकही नकारार्थी असेल, तर थोडे थांबावे आणि जाणत्याला विचारावे. असे थांबायला शिकवणे, हेच मी शाळेचे मोठे कार्य मानतो.