इंग्रजी शब्द पाठ नको, अर्थ पक्का करा!

रत्नागिरीतल्या विद्यार्थ्यांनो, इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचाय? धडा आपल्याच कोकणात आहे. पोंभुर्ल्याच्या (आता सिंधुदुर्ग, १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्हा) बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केलं. एका स्तंभात इंग्रजी, शेजारी मराठी! बातमी अशी दोन्ही भाषांत वाचा. संदर्भातून अर्थ उलगडतो.

सोबत हे तीन नियम :

१. मूळ ओळखा. लॅटिन ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं. आपला हापूस परदेशी जातो तो एक्स्पोर्ट, बाहेरून माल येतो तो इम्पोर्ट, इकडून तिकडे नेणं ते ट्रान्सपोर्ट, सहज नेता येईल ते पोर्टेबल. एका मुळातून चार शब्द!

२. व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहा. ‘एस्च्युअरी’ म्हणजे नदीचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळतं ती जागा. उदाहरण : काजळी नदीची भाट्ये खाडी. डोळ्यांसमोरची जागा जोडली की शब्द विसरत नाही.

३. उजळणी अंतराने करा : दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. अर्थ झाकून आठवा, मगच वही उघडा. प्रत्येक शब्दाचं एक वाक्यही लिहा.

रोज पाचच शब्द, पण पक्के. आजच सुरुवात करा आणि धाकट्या भावंडांनाही शिकवा!