डाग एकीकडे, गळती दुसरीकडे

मुलुंडच्या आमच्या इमारतीत दर पावसाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या छताला ओल येते. एका वर्षी ती आमच्या बेडरूमला आली. वरच्यांनी नुकत्याच बाथरूमच्या लाद्या बदलल्या होत्या. त्यामुळे दोष कुणाचा, हे सगळ्या मजल्याने आधीच ठरवून टाकलं होतं. प्लंबरने मात्र हातोड्याला हात लावला नाही. वरच्या नहाणीचं भोक कापड कोंबून बुजवलं, चार बोटं पाणी साठवलं, त्यात लाल रंग कालवला आणि म्हणाला, "ताई, आता दोन दिवस थांबायचं." दोन दिवसांनी आमचा डाग होता तसाच होता. मग त्याने गच्चीवरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याच्या पाइपात रंगीत पाणी सोडलं. तासाभरात छताच्या कोपऱ्यात लालसर ठिपका उमटला. लाद्या निर्दोष होत्या. गळत होता तो इमारतीच्या वयाचा एक सांधा.

संगणकाच्या प्रोग्रॅममधला दोष, म्हणजे बग, शोधणारे लोक नेमकं हेच करतात. त्याला ते बग 'रिप्रोड्यूस' करणं म्हणतात, म्हणजे आपण ठरवू तेव्हा तो पुन्हा घडवून आणायचा. माझ्या मते दुरुस्तीपेक्षा हे काम अवघड आहे आणि त्याचं कौतुक मात्र फार कमी होतं. 2023 मधली एक खरी गोष्ट सांगते, म्हणजे पटेल.

हार्ड डिस्कला 'फाइल' ही गोष्ट ठाऊकच नसते. तिच्याकडे असतात फक्त क्रमांक दिलेले लहान लहान कप्पे. कुठल्या कप्प्यात कुठल्या फाइलचा कुठला तुकडा आहे याची वही जी ठेवते, ती फाइल सिस्टीम. 'झेडएफएस' ही त्यातली नावाजलेली. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये ती तयार झाली आणि 2005 मध्ये तिचा कोड जगासाठी खुला झाला. ती लिनक्सवर आणण्याच्या खटाटोपात आपल्या पुण्याचाही हात लागला आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत चाललेल्या कामाच्या आधारे पुण्याच्या केक्यू इन्फोटेक या लहानशा कंपनीने 2010 मध्ये लिनक्सवर चालणारी झेडएफएस तयार केली होती. पुढे रुजली ती लिव्हरमोरची आवृत्ती. तिच्यातूनच आजची 'ओपनझेडएफएस' वाढली.

झेडएफएसची ख्याती सावधपणाबद्दल. प्रत्येक कप्प्यासाठी ती एक चेकसम ठेवते, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा. डिस्कवर एखादा बिट जरी उलटला तरी तिला कळतं. म्हणून तर जपून ठेवायचा डेटा लोक तिच्या हवाली करतात.

ऑक्टोबर 2023 मध्ये ओपनझेडएफएसची 2.2.0 ही आवृत्ती आली. काही आठवड्यांतच तक्रार आली की जेंटू या लिनक्सच्या एका प्रकारावर गो या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम बनवणारं साधन, बांधताना तयार होणाऱ्या फाइल खराब निघत आहेत. उघडून पाहिलं तर मजकुराच्या जागी नुसती शून्यं. आणि चेकसम? तो अगदी बरोबर! चुकीचा मजकूरच नीट जपून लिहिला गेला होता, त्यामुळे पहारेकऱ्याला काही वावगं दिसलंच नाही.

संशय अर्थातच नव्या लाद्यांवर गेला. या आवृत्तीत 'ब्लॉक क्लोनिंग' ही नवी सोय होती. कॉपी करताना मजकूर पुन्हा न लिहिता त्याच कप्प्यांकडे बोट दाखवायचं, असं तिचं काम. नोव्हेंबरमध्ये 2.2.1 काढून ती सोय बंद करण्यात आली. तरी शून्यं येतच राहिली.

मग रंगीत पाण्याची पाळी आली. लोकांनी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. एक फाइल वाटेल तशा आकड्यांनी भरायची, तिची कॉपी काढायची, त्या कॉपीच्या कॉप्या काढायच्या, असं करत ढीगभर फाइल बनवायच्या आणि शेवटी प्रत्येक फाइल पहिलीशी ताडून पाहायची. एक स्क्रिप्ट चालवून भागत नव्हतं. एकाच वेळी अनेक चालवून यंत्राला घाम फोडला, की लाखातली एखादी गाठ जुळायची आणि एखादी कॉपी वेगळी निघायची. हीच स्क्रिप्ट क्लोनिंग नसलेल्या जुन्या आवृत्त्यांवर चालवली. तिथेही तेच! म्हणजे सांधा जुना होता, कित्येक वर्षांपूर्वीचा.

सांधा कुठे गळत होता ते नीट पाहू. आपण 'सेव्ह' म्हटलं की मजकूर लगेच डिस्कवर उतरत नाही, आधी मेमरीत थांबतो. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी मुंबईची वीज एकदम गेली, तेव्हा बॅटरीविना चालणाऱ्या संगणकांच्या मेमरीत थांबलेला असा मजकूर तिथेच संपला. झेडएफएस साधारण पाच सेकंदांचं लिखाण गोळा करून एकदम उतरवते. ते उतरेपर्यंत फाइलचं नाव 'बाकी' असलेल्यांच्या यादीत असतं. उतरवण्याचं काम सुरू असताना ते एका यादीतून काढून दुसऱ्या यादीत घातलं जातं.

घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोकडे निघालेला माणूस मधल्या पुलावर असताना ना लोकलमध्ये असतो ना मेट्रोत. त्या क्षणी दोन्हीकडची डोकी मोजली तर तो हिशेबातच येत नाही. फाइलचं तसंच व्हायचं. क्षणभर तिचं नाव कुठल्याच यादीत नसायचं आणि तपासणारा कोड समजायचा, हिचं काही बाकी नाही.

नेमक्या त्याच क्षणी कॉपी करणारा प्रोग्रॅम विचारायचा, "या फाइलमध्ये मजकूर कुठे आहे आणि पोकळी कुठे?" पोकळी म्हणजे कधीच न लिहिलेली जागा. ती वाचण्यात वेळ दवडायचा नाही, कॉपीत तिथे शून्यं धरायची, हा चांगला विचार. लिनक्सवरची 'सीपी' ही रोजची आज्ञा 2021 पासून हाच प्रश्न विचारू लागली होती, म्हणून जुनी गळती आता दिसायला लागली. डिस्कवरच्या वहीत अजून नोंद नाही, यादीत नाव नाही, तेव्हा उत्तर मिळायचं: पोकळी. मूळ फाइल शाबूत राहायची, कॉपी मात्र कोरी.

दुरुस्ती अगदी थोड्या ओळींची झाली. फाइल यादीत आहे का एवढंच न पाहता तिचा न उतरलेला मजकूर शिल्लक आहे का हेही पाहायचं. नोव्हेंबरअखेरीस 2.2.2 आणि जुन्या मालिकेसाठी 2.1.14 या आवृत्त्या आल्या. तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली गेली आणि या वेळी सगळ्या कॉप्या जुळल्या. ती स्क्रिप्ट हाताशी नसती, तर दुरुस्ती झाली की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी झेडएफएस नसेल. पण फोनमधले फोटो पेनड्राइव्हवर घेऊन मूळ पुसून टाकण्याची सवय घरोघरी आहे. पुढच्या वेळी पुसण्याआधी पेनड्राइव्हवरचे चारदोन फोटो खरंच उघडून बघा.